पोचा आणि पत

परभणी, मानवत, सेलू किंवा जिंतूर येथील मोंढ्यात एखाद्या दुकानासमोर नवी, लाखो रुपयांची वेगवान गाडी येऊन उभी राहिली की ती वार्ता संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजारपेठेत पोहोचते. कोणी कर्जाच्या हप्त्याचा अंदाज बांधतो, कोणी यंदा कापसात आणि सोयाबीनमध्ये कोणाच्या पदरी काय पडले याचा हिशेब जुळवतो. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, पेढे वाटले जातात आणि पहिल्याच आठवड्यात सारे कुटुंब जिंतूरजवळच्या नेमगिरीला दर्शनासाठी जाऊन येते. आजोबांनी सायकलवरून गावोगाव फिरून उधारी गोळा केलेली असते. नातवाच्या हाती त्या गाडीची किल्ली येते. या आनंदात गैर काही नाही.

मराठवाड्यातील व्यापाऱ्यांना अशा खरेदीचे अप्रूप राहिलेले नाही. २०१० साली औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या सौद्याची चर्चा देशभर झाली. २०२५ साली जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशनच्या, म्हणजेच ‘जीतो’च्या, सदस्यांनी देशभरात मिळून १८६ आलिशान गाड्या खरेदी केल्या आणि एकत्रित बोलणीमुळे २१ कोटींहून अधिक रुपयांची सवलत मिळवली. घासाघीस करून उत्तम माल रास्त दरात घेणे हे व्यापारी घराचे जन्मजात कसब आहे. परंतु याच गाडीला घेतल्यापासून पाच-सहा महिन्यांत अपघात झाला, तर पुढे काय करावे याचा विचार फार थोड्या घरांत झालेला असतो. गाडी घेताना घराची ऐपत दिसते. ती दुरुस्त करून घेताना त्या घराची रीत दिसते.

रस्ता आणि वेग

कल्याणहून निर्मलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ पाथरी, मानवत, परभणी, वसमत या मार्गाने नांदेडकडे जातो. गळिताच्या हंगामात या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रंदिवस चालू असतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. पुष्कळदा मागे दिवा नसतो, लाल परावर्तक पट्टी असली तर ती धुळीने झाकलेली असते. अशा रस्त्यावर चार-पाच सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी गाडी धावू लागली की साधे गणितही कठोर होते. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी चाळीसेक मीटर लागतात. म्हणजे थांबण्यासाठी जवळजवळ ७० मीटर हवेत, आणि समोरून येणाऱ्यासाठी दिवा खाली केलेला असेल तर जेमतेम चाळीस-पन्नास मीटरचा रस्ता उजळतो. गाडीचे ब्रेक कितीही उत्तम असोत, ही तूट ते भरून काढू शकत नाहीत.

समजा, जानेवारीतील एका रात्री मानवतजवळ अशीच एक पाच महिन्यांची गाडी उसाच्या रिकाम्या ट्रॉलीवर मागून आदळली. गाडीत घरचा एकोणीस वर्षांचा मुलगा एकटाच होता. एअरबॅग उघडल्या आणि तो खरचटण्यावर निभावला. ट्रॅक्टरचालक धक्क्याने खाली पडला. त्याच्या खांद्याचे हाड मोडले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. समजा, मुलाच्या वडिलांनी तेही तत्परतेने पार पाडले: जखमीला परभणीच्या रुग्णालयात नेले, ठाण्यात वर्दी दिली. खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू होते.

मोडण्यासाठीच केलेला भाग

दिवसाच्या उजेडात गाडी पाहिली की पहिला समज असा होतो की नुकसान वरवरचेच आहे. बंपर फाटला, बॉनेट दुमडले, एक दिवा फुटला. मधला भाग, दरवाजे, आसने जशीच्या तशी. एवढी महागडी गाडी पुढून कागदासारखी कशी चुरगळली, अशी तक्रारही कोणीतरी करतो.

वास्तविक ती तशी चुरगळावी म्हणूनच तिची घडण केलेली असते. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने १९५१ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला: प्रवासी बसतात तो मधला भाग पेटीसारखा कणखर असावा, आणि पुढचा व मागचा भाग धक्का सोसत क्रमाक्रमाने दबत जावा. १९५९ सालच्या मर्सिडीजमध्ये ती प्रथम प्रत्यक्षात आली. त्याच वर्षी व्होल्व्हो कंपनीत नील्स बोलीन यांनी तयार केलेला तीन बिंदूंचा सीटबेल्ट गाड्यांत बसवला गेला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांना वापरण्यास खुले ठेवले. नफ्याचा हक्क हाती असताना तो सोडून देणारा हा व्यवहार कोणत्याही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. मानवतजवळ तो मुलगा वाचला तो या दोन्ही गोष्टींमुळे. गाडीचे नाक दबले म्हणून त्याची छाती दबली नाही.

म्हणूनच दुरुस्तीचा पहिला प्रश्न असा असतो: पुढच्या धक्क्यात हा भाग पुन्हा तसाच दबेल काय? परभणीत पत्राकाम करणारे कसबी कारागीर आहेत. हातोडी आणि लोखंडी ठोकळ्याच्या साहाय्याने दुमडलेला पत्रा ते असा सरळ करतात की रंग चढल्यावर पोचा कोठे होता हे मालकालाही सांगता येऊ नये. साध्या गाडीच्या दाराला किंवा मडगार्डला हे कसब पुरेसे आहे. परंतु अशा नव्या गाडीच्या सांगाड्यात उष्णतेची प्रक्रिया करून अतिशय कठीण बनवलेले पोलाद असते. ते पुन्हा तापवून सरळ केले तर आकार परत येतो, ताकद परत येत नाही. तो तुकडा कंपनीने सांगितलेल्या जागी कापून नवा जोडावा लागतो. काही गाड्यांत ॲल्युमिनियमचे भाग असतात. ते विशिष्ट रिव्हेट आणि गोंद वापरून बसवतात, आणि लोखंडाचे कण त्यांच्यावर बसून पुढे गंज धरू नये म्हणून ते काम वेगळ्या जागी, वेगळ्या हत्यारांनी करतात. कारागिराच्या हातात यात कोणताही दोष नाही. त्याच्याकडे ती सामग्री आणि कंपनीची मापे नसतात.

ही मापेच महत्त्वाची. अधिकृत कार्यशाळेत गाडी मोजणीच्या बैठकीवर घट्ट बसवून तिच्या सांगाड्यावरील ठरावीक बिंदूंचे अंतर कंपनीच्या मापांशी ताडून पाहतात. डोळ्यांना न दिसणारा काही मिलिमीटरचा फरकसुद्धा तेथे पकडला जातो. उघडलेल्या एअरबॅग आणि धक्क्याच्या वेळी पट्टा आवळणारी यंत्रणा एकदाच वापरायची असते. ती नवीच घ्यावी लागते. पुढच्या जाळीमागील रडार आणि काचेमागील कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. रडारचा रोख एका अंशाने जरी चुकला, तरी शंभर मीटर अंतरावर तो पावणेदोन मीटर बाजूला पाहू लागतो. मग समोरचे वाहन सोडून तो शेजारच्या वाहनासाठी ब्रेक लावील, आणि लावायचा तेथे लावणार नाही.

अशा गाड्यांची अधिकृत कार्यशाळा परभणी जिल्ह्यात नाही. गाडी सुमारे दोनशे किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर पुण्याला न्यावी लागते. तीही चारही चाके वर घेणाऱ्या सपाट पाट्याच्या वाहनावरून, कारण चारही चाकांना जोर देणारी किंवा विजेवर चालणारी गाडी चाके फिरवत ओढत नेली तर तिची यंत्रणा बिघडू शकते. परदेशातून भाग येईपर्यंत थांबावे लागते. “लग्नाच्या तिथी तोंडावर आल्या आहेत, गाडी दारात हवी,” या घाईपोटी मग गावातच आठ दिवसांत गाडी नवी करून घेण्याचा मोह होतो. तो मोह आवरणे ही या दुरुस्तीतील पहिली शिस्त.

विम्याचे गणित

खर्चाची बाजू व्यापाऱ्याला लवकर समजते. तरीही काही बाबी नीट पाहण्यासारख्या आहेत. पन्नास हजार रुपयांवरील दाव्यात परवानाधारक सर्वेक्षकाकडून पाहणी होते. त्यापूर्वी गाडीचे सुटे भाग काढू नयेत; अपघातस्थळाची आणि गाडीची छायाचित्रे मात्र जरूर काढून ठेवावीत.

गाडीची किंमत ८० लाख रुपये धरली, तर पहिल्या सहा महिन्यांतील प्रचलित पाच टक्के घट वजा जाता तिचे विमामूल्य ७६ लाख रुपये होते. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे येथे ५७ लाखांवर गेला, तरच गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. दुरुस्ती १८ लाखांची असो की ३० लाखांची, विमा कंपनी गाडी दुरुस्तच करायला सांगणार. “नवी गाडी आहे, बदलून मिळायला हवी,” ही अपेक्षा येथे टिकत नाही.

सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीच्या धातूच्या भागांवर घसारा कापला जात नाही, काचेवरही नाही. रबर, नायलॉन, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅग यांवर मात्र पन्नास टक्के कापले जातात. घसारामाफीचे वाढीव संरक्षण घेतलेले नसेल, तर ही रक्कम खिशातून जाते. आणि एक तोटा कोणतीच नेहमीची पॉलिसी भरून देत नाही: अपघात झालेली गाडी, कितीही उत्तम दुरुस्त केली, तरी बाजारात कमी किमतीला जाते. हा तोटा मालकाने सोसायचा असतो. पुढे मोह निर्माण होतो तो याच ठिकाणी.

अर्जातील एक रकाना

त्याआधी आणखी एक मोह वाटेत उभा असतो. दाव्याच्या अर्जात एक साधा प्रश्न असतो: अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते?

समजा, त्या मुलाकडे केवळ शिकाऊ परवाना आहे. शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक शिकवणारा बसलेला हवा आणि गाडीवर लाल ‘एल’ हवा. दोन्ही नव्हते. खरे लिहिले तर दावा फेटाळला जाणार आणि अठरा लाख रुपये घरातून जाणार. अशा वेळी पेढीवरचे कोणीतरी हलक्या आवाजात सुचवते, “शेटजी, येथे ड्रायव्हरचे नाव टाकू. वीस वर्षांचा परवाना आहे त्याचा. तो नाही म्हणणार नाही.”

तो नाही म्हणणार नाही, हे खरेच असते; आणि त्यातच या सूचनेची सारी वाईट बाजू आहे. ज्या माणसाच्या मुलीची शाळेची फी या घरातून गेली, ज्याच्या आईच्या आजारपणात शेटजी धावून आले, तो नकार देऊ शकत नाही. परंतु त्या एका नावाबरोबर बेदरकारपणे वाहन चालवल्याचा गुन्हाही त्याच्या माथी येतो. त्याचा परवाना, म्हणजे त्याची भाकरी, पणाला लागते. जखमी ट्रॅक्टरचालकाची प्रकृती बिघडली, तर पुढचे सारे त्याच्यावरच कोसळते. जे उपकार मायेने केले होते, त्यांची एका अर्जाने वसुली होते.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. ती गाडीही नवीच होती. अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणी राहून गेली होती. चालक अल्पवयीन असल्याचे पुढे आले, आणि त्यानंतर घरच्या ड्रायव्हरवर दोष स्वतःवर घेण्यासाठी दबाव आणल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. त्या आरोपांचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. परंतु महाराष्ट्रातील प्रत्येक संपन्न घराने त्या पहाटेचा विचार करावा असे त्यात बरेच आहे. चालक अल्पवयीन असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शिवाय नव्या गाडीपुढे खोटे टिकणेही कठीण. अनेक आधुनिक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारा संच धडकेपूर्वीच्या काही सेकंदांची नोंद ठेवतो: वेग किती होता, ब्रेक दाबला होता का, पट्टा बांधला होता का. पाच फूट चार इंचांच्या ड्रायव्हरच्या नावावर दावा आणि सहा फुटी मुलासाठी मागे सरकवलेले आसन, एवढी विसंगतीही अनुभवी सर्वेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

पण पकडले जाण्याची भीती हे खरे कारण मानले, तर न पकडले जाण्याची खात्री मिळताच ते कारण संपते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याच्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक आहे. खोटा लेख करणे, खोटी कागदपत्रे बनवणे असा त्याचा सरळ अर्थ. व्यापार करणाऱ्या श्रावकाचे पाऊल बोलण्याइतकेच लिहिण्यात घसरते, हे त्या ग्रंथकाराने अचूक ओळखले होते. दाव्याच्या अर्जातील तो रकाना हा आजचा कूटलेख आहे.

समजा, वडिलांनी मुलाचेच नाव लिहिले. दावा फेटाळला गेला. जखमी ट्रॅक्टरचालकाच्या बाबतीत न्यायालये अनेकदा विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा आदेश देतात. तीही रक्कम पुढे याच घरातून जाईल. मुलगा म्हणाला, “बाबूजी, माझ्यामुळे एवढे गेले.” त्यावर वडील एवढेच म्हणाले, “पैसे गेले ते मोजता येतात. उद्यापासून तू पेढीवर येशील, आणि दर रविवारी त्या ट्रॅक्टरवाल्याच्या घरी जाऊन येशील. त्याचा खांदा बरा होईपर्यंत गाडीची किल्ली मागायची नाही.”

विकताना

दोन वर्षांनी गाडी विकायला काढली जाते. नांदेडहून किंवा लातूरहून एखादे कुटुंब ती पाहायला येते. रंग झळकतो आहे, इंजिन सुरेल आहे. ते विचारतात, “गाडीला कधी लागले होते का?”

भारतीय मालविक्री कायदा, १९३० हा सर्वसाधारणपणे ग्राहकानेच माल पारखून घ्यावा असे मानतो. करार कायदा, १८७२ नुसार नुसते मौन प्रत्येक वेळी फसवणूक ठरत नाही. परंतु ठाऊक असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणे आणि विचारल्यावर खोटे उत्तर देणे ही फसवणूक आहे. म्हणजे कायदा एक अरुंद फट मोकळी ठेवतो, आणि त्या फटीतून कोण जाते हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

मोंढ्यातल्या माणसाला हा प्रसंग नवा नाही. पोत्याच्या तोंडाशी चांगली तूर आणि तळाशी खडे-माती. कापसावर पाणी मारून वाढवलेले वजन. हे त्याने आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून तर पोत्यात पोकळ सळई खुपसून आतले दाणे बाहेर काढून पाहिले जातात. गाडीसाठीही तशी सळई आहे. रंगाची जाडी मोजणारे हातात मावेल एवढे यंत्र पत्र्यावर टेकवले की कळते: कारखान्यातला रंग साधारणपणे शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेल्या जागी तो त्याहून बराच जास्त भरतो. ज्या घराने दुसऱ्याच्या पोत्यात सळई खुपसली, त्याने आपल्या पोत्याचे तोंड मोकळे ठेवायला हवे.

चांगल्या दुरुस्तीचे मोल येथे कळते. अधिकृत कार्यशाळेचे बिल, बदललेल्या भागांची यादी, दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा मोजणीचा तक्ता, रडार-कॅमेरा जुळवल्याचा दाखला आणि मोडलेल्या गाडीची छायाचित्रे, हे सारे एका फाइलमध्ये असेल, तर विक्रेता ती ग्राहकापुढे ठेवून म्हणू शकतो, “लागले होते, हे असे झाले होते आणि हे असे दुरुस्त केले.” किंमत उतरतेच. पण घेणारा काय घेतो आहे हे त्याला ठाऊक असते, आणि त्याची मुले उद्या त्याच आसनांवर बसणार असतात. गावात आठ दिवसांत चकचकीत करून घेतलेल्या गाडीच्या मालकाजवळ अशी फाइल नसते. आतल्या सांगाड्याबद्दल त्याला स्वतःलाच काही ठाऊक नसते. खरे सांगायचे ठरवले, तरी सांगण्याजोगे त्याच्याजवळ काही उरत नाही.

मोंढ्यात एक शब्द अजून चालतो: पत. सौदा तोंडी होतो, माल उचलला जातो, पैसे नंतर येतात, ते या एका शब्दाच्या बळावर. ही पत पिढ्यांनी जमवलेली असते आणि ती कोणत्याही विमा कंपनीकडे उतरवता येत नाही. अठरा लाखांचा दावा आणि विक्रीतली चार-पाच लाखांची उतरण ही मोठी रक्कम आहे, यात शंका नाही. वर्षअखेरीस ती खर्चखाती नावे टाकावी, शेजारी अपघाताची तारीख लिहावी आणि ते पान मुलाला एकदा वाचायला द्यावे.